दुसरी हाक

त्या ओळीतला पत्ता आमच्याच घराचा होता. शनिवारची दुपार, रूपी नुकतीच मांडीवरून पाळण्यात गेलेली, एक हात पाळण्याच्या दोरीवर आणि दुसऱ्या हाताने मी साइन-इनची यादी खाली सरकवत होते. कोण आलं, कुठून आलं, किती वाजता, आत गेलं की बाहेरच राहिलं, एवढंच त्या यादीत असतं. गेस्ट युजर : जलदेवी. निकाल : अपयशी. कारण : दुसरी ओळख पूर्ण झाली नाही. खाली पुन्हा जलदेवी, पुन्हा अपयशी. शुक्रवारपासून नऊ वेळा. आणि शेवटच्या रकान्यात इंटरनेटचा आकड्यांचा तो पत्ता. त्याचे शेवटचे तीन आकडे मी रोज सकाळी माझ्या स्वतःच्या नावासमोर बघते. दोरी हातातच थांबली. म्हणजे दोन दिवस मुंबईच्या संस्थेच्या दाराशी येऊन जी परत जात होती, ती आमच्याच वाय-फायवरून येत होती. या भिंतीच्या पलीकडे बसून. भिंतीपलीकडे हिरूताई सुपात तांदूळ पाखडत होती, आणि सुपाचा आवाज मधेच थांबायचा, थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायचा. तो थांबतो कशासाठी, हे मला त्या क्षणी कळलं.

जलदेवी हे आमच्या बोटीचं नाव. बोट थोरल्या दिरांची, नारूभाऊंची. हिरूताई त्यांची बायको, माझी मोठी जाऊ. आणि तिला बाहेर ठेवणारा नियम गुरुवारी दुपारी मी लावला होता, याच पाळण्याशेजारी बसून, एका टिचकीने.

माझं काम लोकांना सांगायला अवघड. सासूबाई डहाणूच्या बाजारात मासळी विकतात, त्यांना कुणी विचारलं की धाकटी सून घरी बसून काय करते, तर त्या सांगतात, "ढगात दार उघडते नि लावते." हसण्यासाठी सांगतात, पण याहून बरोबर मलाही सांगता येणार नाही. मुंबईतली एक संस्था मच्छीमारांच्या बोटींवर छोट्या पेट्या बसवते. पेटी दर अर्ध्या तासाने वर उपग्रहाला आपली जागा सांगते, आणि किनाऱ्यावरच्या घरात, फोनवरच्या नकाशात, एक हिरवा ठिपका सरकतो. तो नकाशा कुणी बघायचा, याची यादी माझ्याकडे. संस्थेची माणसं ती घरची. बोटवाले बाहेरचे, म्हणून त्यांच्या नावापुढे यंत्र आपणहून लिहितं, गेस्ट. एकसष्ट पाहुणे. त्यांना आमंत्रण पाठवायचं, किती आत येऊ द्यायचं ते ठरवायचं, ओळख कशी पटवायची ते ठरवायचं. या खोलीत, जिथे बाळाचे लंगोट वाळतात, तिथून. पहिल्या आठवड्यात मी एक आमंत्रण पाठवलं आणि मिनिटभराने यादीत समोरच्याचं नाव उजळलं, तेव्हा मला रूपीची पोटातली पहिली हालचाल आठवली होती. न दिसणाऱ्या जागेत कुणीतरी आहे. ते आहे, आणि त्याने उत्तर दिलं.

नियम हेतलमॅडमनी पाठवला होता. त्या मुंबईला बसतात, माझ्या वरच्या. "निलम, गेस्ट लोकांचा पासवर्ड सगळ्या गल्लीला माहीत असतो, खरं ना? उद्या कोणीपण बघेल कुठली बोट कुठे आहे ते. ओटीपी कंपल्सरी कर. पासवर्ड टाकला की मोबाइलवर नंबर जाणार, तो टाकल्याशिवाय नो एंट्री." बरोबर होतं. मी केलं. करताना मला माझी आई आठवली, आणि बरंही वाटलं. माझं माहेर झरीचं, तलासरीच्या आत. आमच्या घराला कुंपण होतं करवंदीच्या काट्यांचं, आणि कुणीही आलं तरी कुंपणाशी उभं राहून हाक मारायची रीत. आई, सोमी तिचं नाव, चुलीपासून न उठता विचारायची, "कोण?" बाहेरचा नाव सांगायचा. एवढ्याने भागत नसे. आई दुसऱ्यांदा विचारायची, "कुणाचा?" मग तो सांगायचा, अमक्याचा भाचा, तमक्या पाड्याचा, वेवजीच्या अमक्याचा जावई. मगच कुत्र्याला गप्प करायचं आणि पाण्याचा तांब्या बाहेर न्यायचा. नाव काय, कुणीही कुणाचंही सांगेल. कुणाचा आहेस हे खोटं सांगता येत नाही, कारण ते दुसऱ्याकडे असतं. गुरुवारी सेटिंग बदलताना मी मनात म्हटलं होतं, आई गं, तुझीच रीत आहे ही, फक्त ढगात गेलीय.

आणि त्या नऊ ओळी बघताना आता आठवत होता तो ऑगस्टमधला दिवस. नारळी पुनवेनंतर, बोटी निघायच्या आधी, समाजमंदिरात नावनोंदणी. टेबलामागे दोन स्वयंसेवक, समोर बायकांची रांग. त्यातला पोरगा विचारायचा, नाव? आणि बाई बोटीचं नाव सांगायची. धनसागर. जयमल्हार. जलदेवी. मोबाइल नंबर? आणि बाई नंबर सांगायची. कागद माझ्याकडे आले, मी ते चढवले, नावं वाचून हसलेही, की बघा, एकसष्ट पाहुण्यांत एक माणूस नाही, सगळ्या बोटी. पण नंबर कुणाचा, हे मी विचारलं नाही. या आळीत नंबर विचारला की घरातल्या चांगल्या फोनचा नंबर सांगतात. आणि घरातला चांगला फोन नेहमी बोटीवर जातो. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, बोट चालवणाऱ्या तांडेलाच्या उशाशी. घरी राहतो तो जुना, काच तडकलेला. मी इथे पाच वर्षं नांदतेय. प्रत्येक खेपेला नारूभाऊंचा फोन पिशवीत बांधताना मी बघितलाय. तरी माझ्या डोक्यात आलं नाही. म्हणजे एकसष्ट घरांतल्या बायका पासवर्ड टाकत होत्या, आणि यंत्र विचारत होतं, कुणाची? आणि तो प्रश्न जात होता भर समुद्रात, जिथे टॉवर नाही.

दिवाळी होऊन दहा दिवस झाले होते. हवामानवाल्यांनी वाऱ्याचा इशारा दिला होता, बोटी परतत होत्या. काल सोळा आल्या, आज सकाळी आणखी नऊ. जलदेवी नाही. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आमच्या घरात बोट कधी येणार हे विचारायचं नाही. विचारलं की ती मागे वळून बघते, असं सासूबाई म्हणतात, आणि समुद्रात मागे वळून बघणाऱ्याचं चित्त ठिकाणावर राहत नाही. मी नवी आले तेव्हा एकदा पटकन विचारून बसले होते, जेवायला किती जणांचं, भाऊ येतील ना आज? सगळ्या घराचे हात थांबले. हिरूताईनेच सावरलं, "डोंगराकडची आहे, तिला काय ठावं." पाच वर्षं झाली, आता मी विचारत नाही. पण त्या दुपारी मला असं वाटलं की इतकी वर्षं या घरातल्या बायकांनी जे विचारलं नाही ते सगळं कुठे साठलं असेल. ते काही विरून जात नाही. हिरूताई नऊ वेळा विचारून आली होती. तोंडाने नाही, अंगठ्याने. मी लावलेल्या दाराशी जाऊन.

मी उठले. दाराच्या चौकटीत उभी राहिले. ती ओटीवर भिंतीला टेकून बसलेली, सूप मांडीवर, फोन सुपाखाली. तिने बघितलं नाही. बाहेर अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत टांगलेले, वाऱ्याने सगळे एकाच दिशेला कलत होते.

"हिरूताई, ते नकाशाचं उघडत नाही ना तुला?"

"मी कुठे उघडते."

"माझ्याकडे दिसतं."

मग तिने मान वर केली. लाज, राग, आणि त्याखाली काहीतरी ओलं. "तुझ्याकडे काय काय दिसतं गो? मी शेंबूड पुसला तर तोपण दिसत असेल."

"नऊ वेळा केलंस. मला सांगायचं नाही?"

"काय सांगू? म्हटलं माझंच चुकत असेल. पासवर्ड टाकला, बरोबर बोलतो, नि मग बोलतो नंबर पाठवला. कुठे पाठवला? माझ्याकडे तर काय येत नाय." सूप तिने बाजूला ठेवलं. "मग म्हटलं तुमच्या हापिसाने आपल्याला काढून टाकलं असेल. पाहुणेच ना आपण. पाहुण्याला किती दिवस ठेवणार."

मला वाटलं होतं मी सांगेन की चूक माझी. पण रूपी रडली, तिला खांद्यावर घेऊन आले, आणि सांगितलं ते एवढंच, की नंबर जातोय तो नारूभाऊंच्या फोनवर. हिरूताई आधी माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, दोन दिवसांत पहिल्यांदा. "म्हणजे मी इथे दाबते नि मेसेज त्यांना? तिथे? माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली, मी त्यांना एक चिठ्ठी लिहिली नाय, नि तुझ्या कंपनीने नऊ लिहिल्या!" आतून सासूबाईंचा आवाज आला, "म्हणूनच शेजारच्या बायजीच्या घरी काल भांडण झालं. सकाळी तिचा नवरा बंदरात शिरला नि फोनवर धडाधड पाच मेसेज. ती बोलते, ही कोण रांड तुला पाच पाच वेळा लिहिते!" आम्ही तिघी हसलो, आणि मग एकदम तिघीही गप्प झालो, कारण बायजीचा नवरा बंदरात शिरला होता.

मी हेतलमॅडमना फोन केला. म्हटलं, सगळे नंबर समुद्रात आहेत, दोन दिवस नियम काढू या. "समुद्रात मतलब?" मी समजावलं. "अरे देवा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. "पण रूल बंद नाही करायचा निलम. एक दिवस बंद केला ना, मग तो कायमचा बंद राहतो, मला माहितीय. तू नंबर बदल. एक एक करून. तुझ्याकडे पावर आहे ना तेवढी? कर. मी पण बसते, अर्धे मला पाठव." शनिवारी दुपारी त्याही बसल्या. हे लिहून ठेवलं पाहिजे, कारण आपण वरच्या माणसांबद्दल उगीच काहीबाही धरून चालतो.

पहिला हिरूताईचा. जुना नंबर काढला, तिच्या तडकलेल्या फोनचा टाकला. तिने पासवर्ड लिहिला, एका बोटाने, ओठ हलवत. आणि तिच्या हातात फोन थरथरला. सहा आकडे. तिने ते बघितले आणि टाकायच्या आधी क्षणभर नुसतीच बघत राहिली, जसं कुणी पहिल्यांदा आपल्या नावाचं पत्र बघतं. मीही बघत होते. वर्षभर हे काम करते, हजारदा बघितलंय, पण ओटीवरून गेलेला प्रश्न कुठल्या देशातल्या यंत्राला शिवून पुन्हा त्याच ओटीवर, हातभरावर, परत येतो, हे मी तेव्हाच पाहिलं. सुपातल्या तांदळाला अजून कोंडा चिकटलेला होता, आणि इकडे ते झालंही.

नकाशा उघडला. निळा. खाली आमचा किनारा, डहाणूची खाडी, आणि लांब पश्चिमेला एक ठिपका. हिरवा नव्हता. राखाडी होता. हिरूताईने त्यावर बोट ठेवलं. शेवटची नोंद सकाळी दहा वीस. आता पावणेचार होत आले होते. पेटी साडेपाच तास बोललेली नव्हती. ठिपका होता तिथेच होता, आणि माझ्या लक्षात आलं की ठिपका तिथे आहे म्हणजे बोट तिथे आहे असं नाही. ठिपका म्हणजे फक्त शेवटचं ऐकलेलं. मी काही बोलणार होते. म्हणजे पेटीची बॅटरी, ढग, उपग्रह, असलं काहीतरी. ती म्हणाली, "थांब." बराच वेळ बघत राहिली. मग फोन माझ्यापुढे धरला.

"निलम, यांचाच नंबर लाव परत."

"अगं, आता तर उघडलं तुझं."

"उघडलं. पण यात ते कुठे आहेत? हे चित्र आहे सकाळचं." तिने ओठ चावला. "तो मेसेज जातो ना त्यांच्याकडे, तो टॉवर लागला की पोचतो ना? बायजीच्या नवऱ्याला पोचले, पाचच्या पाच?"

"पोचतो. पोचायला पाहिजे."

"मग मला तो पाहिजे."

मी तिच्याकडे बघत राहिले. मला झरीचं कुंपण दिसलं. कोण, विचारलं की नाव सांगता येतं. कुणाची, विचारलं तर तिचं उत्तर तिच्याजवळ नव्हतंच. ते पाण्यावर होतं, दोन पिशव्यांत गुंडाळलेलं. समाजमंदिरात रांगेत उभ्या राहिलेल्या त्या एकसष्ट बायकांनी चूक केली असं मी तासभर समजत होते. यंत्राने विचारलं होतं, तू कुणाची हे ज्याच्याकडे आहे त्याचा नंबर दे, आणि त्यांनी तोच दिला होता. मी शिकलेली, मीच एक, माझ्या नावापुढे माझाच नंबर लिहून बसले होते. मला एकदम फार लहान वाटलं आणि त्या लहानपणात काही दुखलं नाही. रूपी खांद्यावर जड झाली होती, तिचा श्वास मानेला लागत होता. ही कुणाची, हे तिला अजून कुणी विचारलेलं नाही.

दोन नंबर ठेवता येतात. मी ते तिला सांगितलं. पहिला, आणि तो लागला नाही तर दुसरा. "पहिला कुठला ठेवू?" म्हटलं. तिने नुसती हनुवटी पश्चिमेकडे केली. मी नारूभाऊंचा नंबर पुन्हा घातला, वर. तिने नकाशा बंद केला, पासवर्ड टाकला, आणि पडद्यावर आलं, नंबर पाठवला आहे. दहाव्यांदा. तिने फोन सुपाशेजारी उताणा ठेवला आणि तांदूळ पाखडायला घेतले. आता सूप थांबत नव्हतं.

पुढचे दोन तास मी नंबर बदलत बसले. आळीतल्या बायका ओटीवर येत होत्या, तडकलेले फोन घेऊन, कुणी पोराला घेऊन, कुणी ओले हात पदराला पुसत. मी प्रत्येकीला सांगायचे, दोन ठेवता येतील, वर कुठला? जिची बोट बंदरात लागली होती ती हसून म्हणायची, माझा ठेव, त्याला काय करायचंय. जिची बाहेर होती ती हिरूताईसारखीच पश्चिमेकडे बघायची, आणि मी विचारायचं थांबवलं. माझा नवरा प्रवीण कामावरून आला, वापीची गाडी उशिरा होती, म्हणाला, "काय रेशनिंगचं ऑफिस उघडलंय काय?" मग त्याने हिरूताईकडे बघितलं, सुपाशेजारच्या फोनकडे बघितलं, आणि चपला न काढता बंदराकडे गेला. भाऊ त्याचा. सूर्य वलांडीच्या मागे गेला तेव्हा बोंबलांच्या सावल्या ओटीवर आल्या, हिरूताईच्या हातांवर, आणि सासूबाईंनी देवाशी दिवा लावला तरी तिने उठून तोंड धुतलं नाही.

आणि फोन वाजला.

तिने लगेच उचलला नाही. तीन वेळा वाजू दिला. उचलला तेव्हा आधी नुसता वारा आला, मग इंजिनाची धडधड, मग नारूभाऊंचा आवाज, ओरडून बोलत असलेला, सगळ्या ओटीला ऐकू येईल असा.

"हिरू! काय झालं गो? पोरं बरी ना? आय बरी ना?"

"सगळी बरी. का?"

"मग हे काय? फोन बंद पडेल इतके मेसेज! दहा आले एकामागून एक, मी घाबरलो, म्हटलं घरी काय झालं. जाळं बोटीच्या पंख्यात गेलं होतं, बॅटरी बसली, ती पेटीपण बंद. आता लागलं सगळं. खाडीबाहेर आहे, भरती लागली की आत येतो. दहा मेसेज कशाला पाठवले?"

हिरूताईने माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षांत तिने एकदाही न विचारलेलं एकदम दहा वेळा पोचलं होतं, आणि आता ते परत घेता येत नव्हतं. सासूबाई देवघराच्या दारात उभ्या होत्या. मला वाटलं त्या काही बोलतील, मागे वळून बघण्याबद्दल. त्या म्हणाल्या, "सांग त्याला. विचारलं म्हणून सांग."

"विचारलं," हिरूताई म्हणाली. एवढंच. पलीकडे वारा राहिला. मग इंजिनाचा आवाज कमी झाला, त्यांनी बहुतेक फोन छातीशी धरला असावा, किंवा इंजिन मंद केलं असावं.

"थांब," ती म्हणाली, "फोन ठेवू नको." तिने माझा फोन मागितला. नकाशा माझ्या फोनवर उघडला, जलदेवी लिहिलं, पासवर्ड लिहिला, ओठ हलवत. नंबर पाठवला आहे. "आला?"

"आला. अकरावा."

"वाच."

आणि ते वाचायला लागले. सात. दोन. इंजिनाची धडधड. शून्य. ऐकू आलं का? शून्य गो, शून्य. चार. ती एकेक आकडा पुन्हा म्हणत होती आणि टाकत होती, लहान पोर पाढे म्हणतं तशी, आणि ओटीवरच्या बायका, ज्यांची बोट आली होती त्या आणि ज्यांची अजून यायची होती त्या, सहा आकडे ऐकत होत्या. चार. नऊ. माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये यादी उघडी होती. मी ती रिफ्रेश केली. सगळ्यात वर नवी ओळ आली. गेस्ट युजर : जलदेवी. दुसरी ओळख : पूर्ण. पत्ता : आमचा. निकाल : यशस्वी.

सोमवारी हेतलमॅडमनी विचारलं की तेवीस पाहुण्यांचा पहिला नंबर अजून तोच का, बदलायचा राहिला का. मी म्हटलं, नाही, तो त्यांनी मागून ठेवलाय. मग त्याचं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग हे रोज फेल होत राहणार यादीत. रिपोर्टमध्ये लाल दिसेल." दिसतंच. रोज दुपारी, रूपी झोपली की मी यादी उघडते, आणि लाल ओळी वाचत जाते, धनसागर, जयमल्हार, जलदेवी, अपयशी, अपयशी, अपयशी, आणि भिंतीपलीकडे सूप चालू असतं.